पिकअपच्या एसीला हवाच येत नाही? गॅस भरायच्या आधी हे तपासा

मार्च सरला की आमच्याकडे सोलापुरात पिकअपवाल्यांची रांग लागते आणि दहातले सात जण एकच सांगतात, "एसी मारत नाही, गॅस टाका की ओ." त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी कुठेतरी एकदा-दोनदा गॅस टाकून घेतलेला असतो. वेंटपुढे हात धरला तर फुंकरीएवढी हवा येते. म्हणजे गॅसचा तिथे काही संबंधच नसतो.

हवा ढकलायचं काम ब्लोअरचं, ती गार करायचं काम गॅसचं. गॅस पूर्ण संपला तरी ब्लोअर तेवढ्याच जोराने हवा मारतो, फक्त ती कोमट असते. उलट हवाच कमी असेल तर गॅस काठोकाठ असूनही केबिन गार होत नाही. याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे कूलिंग कॉईलवर, म्हणजे जिच्यातून जाताना हवा गार होते त्या जाळीवर, बर्फ धरणं. तो आठव्या टप्प्यात येईल.

खालचा क्रम फुकटच्या कामापासून खर्चाच्या कामाकडे जातो. पहिला टप्पा मात्र कुणीही गाळायचा नाही.

१. हवा कमी आहे की थंडावा?

एसीचं बटण बंद करा. हो, बंदच. कॉम्प्रेसर मध्ये आला की दोन दुखणी एकत्र होतात आणि काहीच कळत नाही. काचा वर घ्या, चावी ऑनवर ठेवा, हवेची दिशा तोंडाकडे करा, रिसर्क्युलेशन (बाहेरची हवा बंद, केबिनमधलीच फिरवायची) लावा आणि ब्लोअर एक नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत चढवत न्या.

जुन्या पेपरची बोटभर रुंदीची पट्टी फाडा. चारही वेंटपुढे एकेक करून धरा आणि ती किती आडवी होते ते पाहा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, उन्हातून आलेल्या हाताला सगळंच गार आणि जोरात लागतं. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, शेवटी तुलना करायला लागेल.

आता काय दिसतंय?

- हवा जोरात, पण एसी लावूनही गार नाही: हा लेख तुमच्यासाठी नाही. कंडेन्सर, त्याचा पंखा, कॉम्प्रेसर आणि गॅस बघा.
- सगळ्या नंबरवर, सगळ्या वेंटमधून हवा कमी: टप्पा ३, ४, ६.
- फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, किंवा अजिबातच चालत नाही: थेट टप्पा ५.
- ब्लोअरचा आवाज नेहमीसारखा, पण हवा पायाकडे किंवा काचेकडे जाते: टप्पा ७.
- निघताना हवा झकास, टेंभुर्णी येईपर्यंत बंद पडल्यासारखी: टप्पा ८.

२. तयारी

फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, टॉर्च, रंगकामाचा नरम ब्रश, घरचा व्हॅक्यूम क्लीनर, मल्टीमीटर आणि मास्क. मास्क शोभेला सांगत नाही. ब्लोअर उतरवला की वर्षभराची धूळ तोंडावर पडते.

काम सकाळी करा. मे महिन्यात ४२ अंशांच्या पुढे पारा गेलेला असताना बंद केबिनमध्ये डोकं खुपसून बसलात की घाई होते, आणि घाईत डॅशबोर्डच्या क्लिपा तुटतात. उघडायच्या आधी प्रत्येक भागाचा फोटो घ्या. स्क्रू एकाच डबीत टाकू नका. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसतो आणि आतून प्लास्टिक फोडतो.

> सावधान: कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवताना किंवा ब्लोअर उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबूनच हात घाला. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर सहसा पिवळे असतात, त्यांना अजिबात हात लावायचा नाही, मल्टीमीटरही नाही.

३. हवा आत शिरते आणि बाहेर पडते तिथे

पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत येते. मार्केट यार्डात कांदा वाहणाऱ्या गाड्यांची ही जाळी उघडली की सालपटांची गादीच सापडते. वाऱ्याने उडालेली साल काचेवर येते, घसरून जाळीत बसते आणि पहिल्या पावसात तिथेच कुजते. कडबा वाहणाऱ्यांच्या गाडीत पाचट आणि भुसा. हाताने वेचा, मग व्हॅक्यूम लावा.

एक साधी तुलना करा. ब्लोअर पूर्ण वेगात ठेवून रिसर्क्युलेशनवरून बाहेरच्या हवेवर या. रिसर्क्युलेशनला हवा चांगली आणि बाहेरच्या हवेवर एकदम कमी झाली, तर दोष जाळीत किंवा तिथून आत येणाऱ्या वाटेत आहे. दोन्हीकडे सारखीच कमी असेल तर पुढे चला.

दुसरी तुलना कुणी करत नाही. बाहेरच्या हवेवर ब्लोअर लावा आणि एक काच चार बोटं खाली घ्या. लगेच वेंटची हवा वाढली? मग केबिनमधली हवा बाहेर पडायची वाट बंद आहे. बऱ्याच केबिनमध्ये मागच्या बाजूला रबरी पडद्यांचे छोटे व्हेंट असतात. सीटमागे रेग्झिन ठोकून घेतलं, त्यावर ताडपत्री, दोर, जॅक असं सगळं कोंबलं की ते बुजतात. भरलेल्या पोत्यात आणखी धान्य जात नाही, तसंच हे.

> थांबा: जाळीत पाण्याचा पाईप सोडून धुवू नका. ओली धूळ फिल्टरवर आणि ब्लोअरच्या मोटरवर जाते, मग काम दुप्पट.

४. केबिन फिल्टर

केबिनमध्ये येणारी हवा गाळतो तो हा फिल्टर. आधी तो आहे का ते पाहा. पिकअपच्या कितीतरी साध्या मॉडेलांत केबिन फिल्टर नसतोच, आणि लोक इंजिनचा एअर फिल्टर बदलून "फिल्टर नवीन टाकला" म्हणून सांगतात. गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. असल्यास बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या कप्प्यामागे मिळतो.

फिल्टर बाहेर काढा, तोंड रिकामं ठेवून ब्लोअर मिनिटभर चालवा आणि पेपरची पट्टी धरा. हवा उसळली तर चोर सापडला. फरक पडला नाही तर फिल्टर जागेवर ठेवा. बिनफिल्टरची गाडी "चालतंय की" म्हणून तशीच पळवू नका. जी धूळ फिल्टर अडवत होता ती कूलिंग कॉईलवर जाऊन बसते, आणि कॉईल साफ करायची म्हणजे डॅशबोर्ड उतरवायचा.

नवीन फिल्टरच्या कडेला बाण असतो. तो हवेच्या वाटेचा बाण, वर-खालीचा नव्हे. कागदी फिल्टर धुवायचा नाही, धुतल्यावर तो घट्ट होतो आणि हवा आणखी कमी होते. हसाल, पण नव्या फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी न काढता बसवलेली गाडीही माझ्याकडे आलेली आहे.

पुस्तकातला किलोमीटरचा आकडा डांबरी, स्वच्छ रस्त्यासाठी धरा. शेताच्या बांधावरून माल भरणाऱ्या गाडीला उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा फिल्टर बघावाच लागतो.

५. वीज: फ्यूज, रिले, रेझिस्टन्स, मोटर

ब्लोअर मुळीच चालत नसेल तर फ्यूजपासून सुरुवात. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला तर मोठा टाकू नका, मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी घासून अर्थ झाली आहे. रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) तपासायला त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघता येतो. आकार सारखा असून चालत नाही, अंगावर छापलेला नंबर जुळला पाहिजे.

फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, बाकीचे नंबर मेलेले? जवळजवळ नक्की रेझिस्टन्स, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग, गेला. कमी वेगाला करंट रेझिस्टन्समधून जातो, शेवटच्या वेगाला तो वगळून सरळ मोटरला मिळतो, म्हणून तेवढाच एक जिवंत राहतो. उलटं असेल, म्हणजे शेवटचा नंबर सोडून बाकी चालत असतील, तर स्विच किंवा जोराच्या वेगाचा रिले बघा. डिजिटल एसीच्या गाडीत रेझिस्टन्सऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे टेस्ट लॅम्प लावून खेळू नका.

आता इथेच लोक फसतात. रेझिस्टन्स मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायचं काम तीच हवा करते. फिल्टर तुंबला की हवा कमी होते, रेझिस्टन्स तापतो आणि जळतो. तुम्ही नवीन टाकता, तुंबलेलं तसंच राहतं, आणि महिन्याभरात तोही जळतो. एका गिऱ्हाईकाने एका उन्हाळ्यात तीन रेझिस्टन्स बदलले होते आणि प्रत्येक वेळी "डुप्लिकेट माल" म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. माल बरा होता. मोटर जड झाली होती, जास्त करंट ओढत होती.

त्यामुळे रेझिस्टन्स बदलताना त्याचा कपलर निरखून बघा. एखादी पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळून पिवळट झालेलं दिसलं तर कपलरही बदला. जळक्या कपलरात नवा रेझिस्टन्स खोचणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

मोटरला वीज नीट पोचते का, हे कपलर लावलेला ठेवून, बॅटरी जोडून आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर चालू ठेवून मोजायचं. मल्टीमीटरच्या दोन्ही सुया मोटरच्याच दोन टोकांना लावा. कपलर काढून मोजलंत तर जळकी पिनसुद्धा १२ व्होल्ट दाखवते, लोड आल्याशिवाय तिचं पितळ उघडं पडत नाही. इंजिन चालू असताना १३ च्या आसपास मिळतंय आणि तरी मोटर रडत फिरतेय, तर मोटर किंवा चाक दोषी. ९-१० मिळतंय, तर वीज वाटेत कुठेतरी गळतेय: कपलर, स्विच नाहीतर अर्थची वायर.

> सावधान: बॅटरीवरून "डायरेक्ट" वायर ओढून ब्लोअर चालवायचा जुगाड करू नका. मध्ये फ्यूज नसलेली ती वायर तापली तर आधी डॅशबोर्ड पेटतो.

६. ब्लोअरचं चाक

सोलापूरच्या गाड्यांचं खरं दुखणं हे आहे.

डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून वर पाहिलंत की गोल मोटर दिसेल, बहुतेक वेळा तीन स्क्रूंवर. बॅटरी सुटलेली आहे ना, बघा. कपलर काढा, स्क्रू सोडताना मोटरला खालून हात द्या, नाहीतर ती तोंडावर येते. मोटरसोबत पिंजऱ्यासारखं चाक बाहेर येईल, त्याला सभोवती उभी, वाकडी पाती असतात. पात्यांची पोकळ बाजूच हवा उचलून फेकते. तिथे धूळ भरली की चाक फिरतं, आवाज करतं, पण हवा फेकत नाही.

पूर्व भागातल्या मागांवरून चादरी-टॉवेल उचलणारी एक पिकअप गेल्या वर्षी आली. चाक काढलं तर पाती दिसतच नव्हती. कापसाचे तंतू आणि धूळ मिळून आत करड्या रंगाचं कापडच विणलं गेलं होतं. बोटाने टोक उचललं तर वीतभर पट्टी अख्खी सुटून आली, घोंगडीसारखी. मालक बघत उभा होता. म्हणाला, "आयला, चादर गाडीतच तयार व्हायली की!" त्या गाडीत त्या मोसमात दोनदा गॅस टाकला गेला होता.

साफ करताना एकेक पातं ब्रशने घासा. अर्धवट साफ केलेलं चाक डगमगतं आणि मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ते कडं) खातं. चाकाच्या कडेला एखादी छोटी धातूची क्लिप दिसेल, ती घाण समजून काढू नका. तोल साधण्यासाठी ती कारखान्यातच बसवलेली असते. चाक दांड्यावरून निघत असेल तरच वेगळं करून पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. निघत नसेल तर हातोडी आणू नका, मोटरसकट ब्रशने आणि व्हॅक्यूमनेच साफ करा.

> तपासा: चाक हाताने फिरवा. सैल, बिनआवाज फिरलं पाहिजे. कुरकुरलं, अडखळलं किंवा दांड्यावर मागेपुढे सरकलं तर मोटर बदलायच्या यादीत.

मोटर बदलत असाल तर माझी चूक ऐका. नव्या मोटरला कपलर वेगळा आला, मी वायरी कापून जोडल्या आणि उलट्या जोडल्या. ब्लोअर चालू झाला, वेंटमधून हवाही आली, म्हणून गाडी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी गाडी परत. या प्रकारचं चाक उलटं फिरलं तरी हवा वेंटमधूनच बाहेर टाकतं, फक्त निम्मी-शिम्मी. म्हणून जुनी मोटर काढायच्या आधी चाक कोणत्या दिशेने फिरतं त्याचा बाण पेनाने ब्लोअरच्या बाहेरच्या प्लास्टिकवर काढून ठेवा.

७. फ्लॅप आणि केबल

ब्लोअर जोरात, पण हवा भलतीकडे. डॅशबोर्डच्या आत हवा वळवणारे फ्लॅप असतात. साध्या पिकअपमध्ये ते नॉबच्या केबलने हलतात, महागड्या गाडीत छोट्या मोटरने. नॉब फिरवताना दुसऱ्या कुणालातरी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बसवा. नॉब फिरतोय आणि लीव्हर हलत नाही, तर केबल क्लिपमधून निसटली आहे. पाच मिनिटांचं काम असतं. नॉब नेहमीपेक्षा घट्ट वाटत असेल तर जोर लावू नका, आधी काय अडकलंय ते शोधा.

अडकतं काय? काचेखालच्या फटीतून पडलेली प्रत्येक वस्तू. डॅशबोर्डवर टाकलेल्या वजनकाट्याच्या पावत्या, पेनाची टोपणं, गुटख्याच्या पुड्या. टोलच्या पावत्या फास्टॅगने संपवल्या, वजनकाट्याच्या अजून आहेत.

वेंटमधून काळ्या स्पंजचे तुकडे उडत असतील तर फ्लॅपवरचा फोम सुटलाय. फ्लॅप आता पूर्ण मिटत नाही, आणि ते तुकडे कॉईलवरही जाऊन बसतात. मोटरवाल्या फ्लॅपचा गिअर तुटला तर नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डमधून टकटक ऐकू येते.

८. कूलिंग कॉईल आणि बर्फ

ब्लोअर उतरवलेला असतानाच त्या भोकातून किंवा रेझिस्टन्सच्या जागेतून मोबाईल आत सरकवून फोटो काढा. कॉईलच्या तोंडावर धुळीची गोधडी दिसली तर नरम ब्रश आणि व्हॅक्यूमने जेवढी निघेल तेवढी काढा, पातळ पत्र्या वाकू देऊ नका. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून ब्लोअरच्या बाजूने हवा मारायचा मोह आवरा, त्याने मळ पत्र्यांच्या आत खोल ठासला जातो. आतपर्यंत तुंबली असेल तर डॅशबोर्ड आणि गॅस दोन्ही उतरवावं लागतं. ते घरचं काम नाही. हवेच्या दाबाला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो, पाईप सैल करताना बोटावर आला तर गोठवतो.

आता बर्फ. लक्षणं अशी: अर्धा तास झकास, मग हवा हळूहळू मरते, ब्लोअरचा आवाज मात्र तसाच. एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसता ब्लोअर चालवला की हवा परत येते आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी पडतं. कॉईलवर बर्फ धरून हवेची वाट बुजली होती.

कारणं तीन. पहिलं, कॉईलवरून जाणारी हवाच कमी, म्हणजे टप्पा ४ आणि ६. दुसरं, कॉईल जास्त गार झाली की कॉम्प्रेसर तोडणारा सेन्सर खराब. तिसरं, गॅस कमी. दाब उतरला की कॉईलचा काही भाग शून्याच्या खाली जातो आणि तिथून बर्फ पसरत जातो. गॅसवर संशय घ्यायची वेळ इथे येते, तोपर्यंत नाही. तेव्हाही दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय आणि गळती शोधल्याशिवाय भरून घेऊ नका. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस लागतो ते लिहिलेलं असतं, वजन करून तेवढाच भरायला सांगा.

डाव्या पायाशी कार्पेट ओलं असेल आणि गाडीखाली पाणी पडत नसेल तर कॉईलचा ड्रेन पाईप तुंबलाय. खालून मऊ नळीने साफ करा. टोकदार तार खुपसू नका, आत कॉईल जवळच असते.

९. जोडणी आणि चाचणी

काढलेल्या फोटोंच्या उलट्या क्रमाने जोडा. ब्लोअरच्या कडेची फोमची पट्टी जागेवर बसली का बघा, नाहीतर तिथूनच हवा डॅशबोर्डखाली निसटते. शेवटचा कप्पा लावायच्या आधी बॅटरी जोडून ब्लोअर सगळ्या नंबरवर फिरवून घ्या.

एसी बंद ठेवून तीच पेपरची पट्टी, तेच वेंट, आणि पहिला व्हिडिओ शेजारी धरून तुलना. मग एसी लावून गाडी सावळेश्वर टोलनाक्याच्या दिशेने काढा. अर्धा-पाऊण तास सलग चालली पाहिजे, कारण बर्फाचं दुखणं गल्लीत दोन फेऱ्या मारून दिसत नाही. परत आल्यावर गाडी सावलीत उभी करा, खाली डाव्या बाजूला पाणी ठिबकतंय का बघा, आणि डॅशबोर्डखाली हात घालून रेझिस्टन्सच्या कपलरला बाहेरून बोट लावा. कोमट असेल तर कप्पा लावून टाका. बोट ठेववत नसेल तर कप्पा उघडाच राहू द्या आणि पाचव्या टप्प्यावर परत जा.